घाटमाथ्यावरचा ब्रेक

गुडघ्याच्या दवाखान्यात टीव्हीवर सायकलींची जुनी शर्यत लागली होती. रिसेप्शनवरच्या बाईंचे कान बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले.

“अहो, हे तुम्हीच ना? सगळ्यांच्या पुढे!”

“मीच.”

“मग घाटमाथ्यावर येऊन ब्रेक कशाला लावताय?”

“मागून आमच्या संघाच्या मॅनेजरची गाडी आली. म्हणाले, थांब, कॅप्टन मागे पडलाय. त्याच्यापुढे राहून वारा अडव.”

“आणि थांबलात!”

“त्याचाच तर पगार होता.”

“मग जिंकला का तो?”

“कुठला! तिसराच कुणी जिंकला.”

“कॅप्टन तुम्हाला काही बोलला तरी?”

“बोलला ना. पाणी मागितलं.”

“दिलंत?”

“माझी बाटली दिली.”

“आजोबा, तुमचा नंबर,” बाई म्हणाल्या.

“आधी या शेजारच्यांना जाऊ द्या. कुबड्या आहेत बिचाऱ्यांना.”

“अहो, उठा म्हणते ना!”