तीन सारखी कार्डं

...नाही, पण तुम्हीच सांगा, एकसारख्या तीन गोष्टी दिसल्या तर नीटनेटका माणूस काय करील? एक ठेवील, दोन काढील! एवढंच केलं हो मी! वीस वर्षं डायरी लिहितोय, एक ओळ दोनदा सापडायची नाही... पण ते राहू दे. कुंदाचं सांगत होतो. कुंदा, माझी धाकटी बहीण, पीएच.डी. करते, रसायनशास्त्रात. आता रसायनशास्त्र म्हटलं की अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगला काय वाटणार? नळ्या, धूर, एखादा स्फोट! आणि ही काय घेऊन बसते? चपलांचा खोका! त्यात सहाशेच्या वर कार्डं, भोकं पाडलेली. ती शहरातल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरला भरवायची, म्हणजे ते खोलीएवढं धूड आकडेमोड करून सांगणार की रेणू कसा बसलाय! समोरच्या जयंतीवहिनी दारातूनच, "बाटली नाही, वास नाही, आणि म्हणे रसायनशास्त्र!"

वास नाही? अहो, विषयच वासाचा! शिळ्या मासळीला वास येतो ना, तो ज्या रेणूचा, तोच हिने धरलेला. मध्ये एक नायट्रोजन, त्याला तीन कार्बन, कार्बनभोवती हायड्रोजन. वर्सोव्याहून मासळी घेऊन येणाऱ्या सखुबाईला हे कळलं तेव्हा ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून हसली, "अगो बाय, त्याला मशीन कशाला? कल्ला उचल न् नाक लाव!"

तर तुम्हाला सांगतो, मशीनवर नंबर लागायचा पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटं. कुंदा गेली, खोका दिला, आणि चार कागद घेऊन परत. कागदांवर काय? चांदण्या! आकड्यांच्या जागी नुसत्या चांदण्या, वरपासून खालपर्यंत! म्हणजे मशीनचं गणित फसलं, वाट लागली. तिचे सर, चंद्रप्रकाश, लखनौचे, गोड आवाजात म्हणाले, "कुंदाजी, छोडिए ये मछली. अमोनिया लीजिए. छोटा है, सबने किया है, डिग्री मिल जाएगी." दिवाळीआधी प्रबंध द्यायचा, त्याआधी नंबर एकच उरलेला. तोही फुकट गेला तर अमोनिया. कुंदा म्हणाली, "सर, सगळ्यांनी केलंय तर मी कशाला करू?"

घरी आली, खोका माझ्यापुढे ठेवला. "दादा, तू वाच, मी वहीशी ताडून बघते. एकेक." एकेक! एका कार्डावर पंधरा-पंधरा आकडे, माझा घसा बसला, जयंतीवहिनी डोकावून गेल्या, "बाटली नाही, वास नाही...", कुंदाने मान म्हणून वर केली नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी वाचलं, "कार्बन."

"बरोबर. पुढचा कार्बन?"

"पुढे हायड्रोजन आहे."

"नाही रे. कार्बन तीन, तिघांचे आकडे सारखेच, म्हणून तीन सारखी कार्डं. बाकीची दोन कुठंयत?"

सारखी?... उठलो, डायरी उघडली. मंगळवार, बारा सप्टेंबर बहात्तर: 'कुंदाचा खोका आवरला. एकाच मजकुराची तीन कार्डं निघाली. दोन जादा काढली.' आणि ती जादा कुठं? त्याच पानात, खूण म्हणून!

चिडली असेल म्हणता? नाही हो! चिडली असती तर बरं! दोन्ही कार्डं जागच्या जागी घातली, पेन्सिल उचलली आणि म्हणते, "वाच पुढे. आणखी कुठं नीटनेटकेपणा केला असशील तर?" शेवटच्या कार्डापर्यंत वाचायला लावलं!

नंबराच्या दिवशी मी मशीनच्या खोलीबाहेर बाकावर, खोक्याचं झाकण मांडीवर. दहा मिनिटांनी दार उघडलं, कुंदा बाहेर, हातात कागद... आकडे! रांगेत, शहाण्यासारखे! एक चांदणी नाही! मासळीचाच प्रबंध गेला, दिवाळीआधी गेला.

जयंतीवहिनी पेढा तोंडात टाकून म्हणाल्याच, "बाटली नाही, वास नाही..." सखुबाईने प्रबंध हुंगून बघितला आणि परत दिला. खोक्यावर आता चिठ्ठी आहे, 'दादाने आवरू नये.' नाही आवरत. आणि त्या दिवशीच्या डायरीत, काय झालं होतं मला कोण जाणे, एकच ओळ तीनदा लिहिलीय, 'कुंदाचं जमलं.' तिन्ही शब्दशः सारख्या. दोन जादा आहेत, दिसतंय मला... पण काढायला हात धजतोय कुणाचा!