बँड समोरून ऐकायचा राहिला

माझा जन्म शिरूरचा, मिशनच्या आवारातला. बाप तिथं माळी, आई दवाखान्यात आया. नाताळात मिशनचा बँड निघायचा, त्यात एका मामांकडं ट्रंबोन व्हता, पितळी, हातानं पुढंमागं ओढायचा, आन् तो ओढायला मोकळी जागा लागती म्हणून ट्रंबोनवाला कायम पयल्या रांगेत. मला ती पयली रांग लई आवडली. मामा थकले, बाजा माझ्या हाती आला, आन् काय सांगू ताई तुम्हाला, तिथंच माझं वाटोळं सुरू झालं.

मी कुठल्या एका बँडचा कवाच नव्हतो. सुट्टा गडी. लग्नसराईत शिरूरचा मालक निरोप धाडायचा, दौंडचा मालक धाडायचा, ज्याचा आधी आला त्याच्याकडं जायचं, कोट त्यांचा, टोपी त्यांची, बाजा माझा. तो कोट कुणाच्या मापानं शिवत व्हते देव जाणे, माझ्या अंगाला कवा बसला न्हाई. पुढं दोन्ही मालकांनी मला मास्तर केलं, म्हंजी कुणी कवा उचलायचं, कुणी गप राहायचं, ते मी हाताच्या खुणेनं सांगायचं. पर वरातीतले लोक काय म्हणायचे, ए बँडवाल्या, वाजीव. जेवायला शेवटची पंगत, भात गार, वाढपी दमून बसलेले, आम्हीच उठून वाढून घ्यायचं.

आन् एक गोष्ट तुम्हाला न्हाई कळायची. बँडात राहून बँड ऐकू येत न्हाई. कानाशी ढोल, तोंडात आपला बाजा, सगळं मिळून कसं वाजतंय ते रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक, आपल्याला न्हाई. पर आमच्यात एक रीत व्हती. बँडवाल्याच्या लेकराचं लगीन असलं की शिरूर-दौंडचे सगळे बँडवाले बिनसुपारीचे वाजवायला यायचे, आन् त्या दिवशी बापानं बाजाला हात लावायचा न्हाई, समोर उभं राहून ऐकायचं. मी कितीकांच्या लेकरांच्या लग्नात वाजवलं. म्हटलं आपली रूथ मोठी होऊ दे, आपला बी दिवस येईल.

आला. नवरदेव दौंडचा, कारेगावला कंपनीत लागलेला, लगीन दौंडच्या चर्चमधी. मी महिनाभर आधी सगळ्यांना तालमीला बशिवलं, जोडपं चर्चच्या बाहेर येतं तवा वाजवायचं गीत बशिवलं, आन् माझा ट्रंबोन पाबळच्या दत्तूला दिला. दत्तू धनगराचा, घरचे पूर्वी मेंढरं राखायचे, त्याला मीच शिकवलेलं. सगळे कडक कोट घालून पायऱ्यांशी उभे. आन् बघतो तर फाटकात टेम्पो, त्यावर माझ्या उंचीचे डीजेचे डबे. मी व्याह्यांना म्हटलं, अण्णा, एवढं एक गीत होऊ द्या, मग तुमचं चालू करा. ते म्हणाले, मास्तर, कंपनीतली पोरं आलीत, त्यांना नाचायचंय, तुमचा बँड आता मयतीला बरा. हसून म्हणाले वर. आन् मी पोरीचा बाप, जाऊन बँडसमोर उभा राहिलो.

पोर बाहेर आली, डीजे सुटला. दत्तूनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, व्हय म्हटलं, वाजीव. त्यांनी वाजवलं ताई, अख्खं गीत वाजवलं. त्यांचे गाल फुगलेले दिसत व्हते, माझा ट्रंबोन पुढंमागं जाताना दिसत व्हता, आन् मी समोर उभा, मला एक सूर ऐकू आला न्हाई. दत्तू नंतर इचारतो, मास्तर, कसं झालं? म्हटलं झ्याक झालं. रडायलाच आलं मला.

त्याच्या मागं लग्नाचे निरोपच बंद झाले. आता मी कारेगावला एका कंपनीच्या गेटवर शिट्टी वाजवतो, ट्रक आत घ्यायचा, ट्रक बाहेर काढायचा. डीजेचा टेम्पो गेला की थुंकतो, खोटं कशाला बोलू. रूथ सुखात हाय, देव तिला तशीच ठेवो, व्याह्यांना बी ठेवो. पर बोलले ते खरं झालं, मयतीलाच बोलावतात, तिथं डीजे अजून कुणी आणीत न्हाई. दत्तूला मी सांगून ठेवलंय, माझ्या मयतीला सगळ्यांना घेऊन ये आन् तेच गीत वाजीव. तवा मधी कुणी येणार न्हाई, मी अगदी समोर असणार, आन् तवा बी मला ऐकू येणार न्हाई.