सुरतेत उतरायचं कुठे

हॅलो?

… हॅलो, कोण बोलतंय? … रिना! अगं मग काकांच्या फोनवरून का… तुझं रिचार्ज संपलं? बरं बरं. बोल ना!

हळू? मी हळूच बोलतेय गं! … हो, इथेही तेच. आमच्या शेजारच्या भिकुबाई आत्ताच ओट्यावरून म्हणाल्या, "पोरी, फोन कसाले लागस तुले? नुसती आरोळी मार, सुरतपावत जाई." … हसू नकोस, खरंच म्हणाल्या.

थांब… थांब हं… आक्… आक्छी! … अगं मिरच्या! अख्खं अंगण लाल झालंय. आई देठं खुडतेय आणि मी… मी पण खुडतेय, खोटं कशाला बोलू… एका हाताने. दुसरा तुझ्यासाठी.

ऐक ना, मुद्द्याचं. बुकिंग झालं! … मी! मी स्वतः! दहावीचा शेवटचा पेपर देऊन आले ना, तेव्हा पप्पा म्हणाले, "सांग, काय पाहिजे?" मी म्हटलं, सुरत. म्हणाले, "मग ठरव तूच." ठरवलं की! हॉटेलवाल्याशी गुजरातीत बोलले मी, माहितीये? "केम छो"पर्यंत एकदम भारी गेलं… पुढे हिंदी. शेवटी तोच म्हणाला, "ताई, मी शिरपूरचा आहे, मराठीत बोला." … हो ना!

कुठे म्हणजे? चौकात! अगदी मधोमध! किल्ला जवळ, खिडकीतून तापी दिसते, खाली उतरलं की गरमागरम लोचो खायची गाडी… आणि लिफ्ट आहे, रिना. लिफ्ट!

… रिना? … आहेस ना?

अगं, चिडतेस काय… नाही, तसं नाही… हो, मला माहितीये तुमचं घर आहे… हो, हो… अगं ऐक ना!

काकी काय म्हणाल्या? … "गावात आपली माणसं असताना लॉजवर उतरायचं?" … लॉज नाही गं ते! … बरं, त्यांना दे फोन, मी समजावते. … येत नाहीत? … भांडी घासतायत? … आत्ता, भरदुपारी? म्हणजे चिडल्याच. काजलकाकी चिडल्या की घासलेली भांडी परत घासतात, हे मला नको सांगूस. सहा वर्षं समोरच्या खोलीत काढलीत आम्ही.

पण तूच सांग ना. तुमची खोली उधन्याच्याही पलीकडे. तिथून चौकात यायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या, सगळा घाम रस्त्यातच. संध्याकाळ झाली की परत फिरा. मग बघायचं कधी? … हो, पूर्वी राहायचो ना. तेच तर सांगतेय! आपण सुरतेत राहिलो, पण सुरत बघितली कुठे? मला आठवतंय ते काय? आपली गल्ली, महापालिकेची मराठी शाळा, रेल्वेचं फाटक, आणि एकदा दिवाळीत पप्पांनी दाखवलेले पुलावरचे दिवे. ते पण पप्पांच्या खांद्यावर झोपेत.

इथे रनाळ्यात मला काय म्हणतात माहितीये? सुरतवाली. अजून! शाळेत पोरी विचारायच्या, किल्ला कसा आहे गं, डुमसचा समुद्र कसा आहे गं? मी काय सांगणार? दिलं ठोकून, समुद्राचं पाणी अगदी निळंशार… काय? … काळी वाळू आहे? पाणी मातकट? … अरे देवा. सगळ्या वर्गाला निळंशार सांगून ठेवलंय मी!

म्हणून म्हणते, एकदा मला सुरतेत राहायचंय. उधन्यात नाही. सुरतेत. मधोमध. सकाळी खिडकी उघडायची आणि… तू हसतेस? … मग? … तू पण नाही पाहिलास? किल्ला? अजून? … वा गं सुरतकर! जन्म तिथला आणि…

— काय वं माय? … ऱ्हाऊ दे ना ते पोतं, मी उचलस! … हां, रिनाच शे! … हां, सांगस!

आई विचारतेय, काकीचा गुडघा कसा आहे. … बरं. — बरा शे म्हणे!

हो, आईच. तुला ऐकू नाही आलं? … अगं, ती हळू बोलते आता. … हो, जमनाकाकीच तुझी! … आता कसं सांगू… आम्ही सुरतहून आलो, तेव्हा आई इथे अंगणात उभी राहून तिकडच्यासारखंच बोलायची. खणखणीत. बायका दचकायच्या. कुणीतरी म्हणालं, ईश्वरची बायको सारखी भांडते वाटतं. झालं. तेव्हापासून आवाज खाली आला तो आलाच. आता तर बोलतच नाही फारशी. पप्पांना तसंही एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात काय, मीच! … हो, मी कुणाच्या बापाला ऐकते? वक्तृत्वात पहिली आले ती या आवाजावरच. माइक बंद पडला होता, रिना, आणि शेवटच्या रांगेपर्यंत…

हो, सांगितलं होतं का? … दोनदा? बरं.

तुला आठवतं का गं… कापडाचे लूम चालू असले की आपल्या आया गल्लीत या दारातून त्या दारात कशा बोलायच्या? ओरडूनसुद्धा ऐकू जायचं नाही, मग हातांनी! दोन्ही हात डोक्यावर गोल धरले की नळाला पाणी आलं. कान ओढून दाखवला की पोरीकडे लक्ष ठेव. आणि चहाची? … बरोब्बर! तळहाताची बशी करायची आणि ओठाला लावायची. चहा टाकलाय, ये! आपण घर-घर खेळायचो तेव्हा पण बशीच करायचो. पोळपाट-लाटणं होतं, खोटी शेगडी होती, पण चहा हातानेच…

आमची मागची भिंत तर लूमच्या कारखान्याची, खात्याचीच होती ना. पप्पा भिंतीच्या त्या बाजूला लूमवर, आणि आम्ही या बाजूला. पाठ टेकली की पाठ थरथरायची. मी गणित सोडवायला तशीच बसायचे. तू म्हणायचीस, यामिनीचं अक्षर वाकडं नाही, भिंतच हलते! … आणि मांडणीवरची भांडी? हो गं! ताटं, वाट्या, डबे… थरथरत थरथरत पुढे यायचे, अगदी कडेला. आई रोज सकाळी उठली की आधी सगळी भांडी मागे सरकवणार, मगच चूल… गॅस. एकदा विसरली, तर पिठाचा डबा थेट पप्पांच्या… हा हा! पांढरे फटक पप्पा! लूमवर जाऊन सगळ्यांनी विचारलं, लग्नाला निघालास का?

आक्छी! … मिरची गं. नाही, रडत नाहीये. मिरची.

तर म्हणूनच हे हॉटेल. मी मुद्दाम शोधून काढलं. आईसाठी. लोकांनी लिहिलंय बघ… थांब, वाचून दाखवते… "काच लावली की टाचणीभर आवाज येत नाही." कशी वाटली निवड? तिने तो सगळा खडखडाट इतकी वर्षं सोसला. दोन रात्री तरी शांत…

काय? … झोपते का म्हणजे? झोपते की. … म्हणजे… पडून असते. कूस बदलत असते. मध्येच उठून पाणी पिते. म्हणते, वय झालं. … पहिल्यापासून म्हणजे… हो, आलो तेव्हापासूनच. मला पण पहिला महिनाभर झोप यायची नाही, एवढं चिडीचूप. कुत्रं भुंकलं की बरं वाटायचं. पण मी लहान होते, झाली सवय. आईची…

रिना, थांब.

थांब ना एक मिनिट.

अगं… ती अजून सरकवते. … भांडी! इथली! रोज सकाळी. सिमेंटची पक्की मांडणी आहे, एक वाटी जागची हलत नाही, तरी आई उठून सगळी मागे सरकवते. मी हसायचे तिला. म्हणायचे, माय, आठे कोन शे भांडा हलावाले?

… नाही, नाही विचारलं मी तिला. विचारायचं काय त्यात? मला वाटलं… ती म्हणाली, "तुले आवडी तठे." तिचं नेहमी तेच असतं.

आणि आता बघ ना. हॉटेलात जायचंय हे माहिती असून तिने पिशवीत काय भरलंय? ज्वारीचे बिबडे-पापड. नव्या मिरचीचं तिखट. कळण्याचं पीठ. मी म्हटलं, हॉटेलात कुठे थापणार भाकरी? तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, वझं नही ते."

… काय झालं? बोल ना. … खातं? आपल्या मागचं? … हलतंय? कुठे? … शहराबाहेर? अजून किती बाहेर! … या महिन्यात? … अर्धे लूम गेलेसुद्धा? आणि मग त्या जागी… गोदाम. … म्हणजे आवाज…

मला आधी का नाही सांगितलंस? … मी बोलू देत नाही? … हो, ते पण आहे. … सगळं जायच्या आत आम्ही तिथे राहावं, म्हणून काकी एवढ्या चिडल्यात होय. मला वाटलं मानपानाचं काहीतरी.

… ऐक, आत्ता चालू आहेत का? … उरलेले तरी? … भिंतीला लाव. फोन! फोन लाव भिंतीला. आमच्या खोलीत कोणी राहतं का आता? … मग बाहेरून लाव, बोळात जा. … जा ना गं, तुला माझी शपथ! मी स्पीकर चालू करते.

— माय! आठे ये! … हात नंतर धुव, आधी ये! … बस. काय नही, ऐक फक्त.

… गेलीस का? … नाही, अजून गाड्यांचाच येतोय. … जवळ. अजून जवळ ने…

…

आला.

रिना, आला! तोच गं! तेच… खडाक-खट, खडाक-खट…

…

…

रिना, हळू बोल. आई… आईने खाटेला पाठ टेकली. आपोआप. डोळे मिटलेत. मिरचीचे हात तसेच मांडीवर.

… हो. धरून ठेव फोन. हात दुखला तरी धर.

ऐक, हॉटेलचं आज संध्याकाळपर्यंत रद्द करता येतं. मी करते. … नाही, वाईट वाटत नाही. … वाटतंय थोडं. लिफ्टचं. पण ऐक, रात्री तुमच्याकडे आणि दिवसा चौकात. तू पण यायचं! एवढा जन्म तिथे काढून किल्ला नाही पाहिलास, लाज वाटू दे जरा. दोघी जाऊ. रिक्षा बदलायच्या तर बदलू. खिडकीतली तापी काय, आमच्या प्रकाशा गावच्या पुलावरून पण दिसते, तीच तर तुमच्याकडे येते. … आणि झोपायचं कुठे ते तुम्ही बघा, पप्पा घोरतात. … लूमपेक्षा मोठं! हो!

… काय गं? कुणाचा आवाज तो? … काकी? बाहेर आल्या? भांडी टाकून? … फोन भिंतीला लावून काय करतेस म्हणून ओरडतायत? … येतंय ऐकू, सगळं येतंय! स्पीकरवर आहे!

— माय, काजलकाकी शे. … बोल ना. … बोल!

रिना… आईने डोळे उघडले. … तिने… अगं, तिने बशी केली. तळहाताची. फोनसमोर धरून ओठाला लावली. — माय, तिले दिसत नही वं, व्हिडिओवाला फोन नही हाऊ!

… काकींना सांग ना. आईने बशी केलीये म्हणावं. … सांगितलंस? … मग? काय म्हणाल्या? … पदर? डोळ्यांना? … बरं.

थांब, थांब, आई फोन ओढतेय… माय, मिरचीचा हात! स्क्रीनला लागेल… बरं, घे. — हळू कसाले? बोल. भिकुबाई ऐकतील तर ऐकू देत. मोठ्याने बोल.

"हॅलो? … काजल? … काजल वं! मी जमना! … जमना बोली ऱ्हायनू! … ऐकू ई ऱ्हायनं का? … माले बी! … लूम चालू शे ना, जोरमा बोल! … चहा टाक वं! आम्ही ई ऱ्हायनूत! तुन्हाच घर! … हां! … बिबडा बी लई ऱ्हायनू! … हां! … हॅलो? … हॅलो?"

— दे बघू. हॅलो, रिना? … हॅलो? … कट झाला गं.

— माय, कट झाला. … माय! फोन कट झाला, आते कोनले आरोळी मारी ऱ्हायनी?