पक्याची जट

केसांचा विषय निघालाच हाय, तर आमच्या मंगळवार पेठेतल्या पक्याचं ऐका. त्याला रेगे संगीताचं याड. जमैकाच्या गायकांगत केसांच्या दोऱ्या वळायला गड्यानं दोन वर्षं घातली. त्याचे वडील, आप्पा, रोज वरडायचे, "बंद कर त्यो गाण्यांचा दंगा! रविवारी न्हावी बोलावून भादरतोच तुला!"

शनिवारी आम्ही दोघं दारात बसलेलो. वाटेनं चाललेली एक म्हातारी थांबली. तिनं पक्याचं डोकं बघितलं आणि थेट त्याच्या पायाच पडली.

"अवो आजी, उठा की! जट न्हाय ही, रेगे हाय, रेगे!"

"रेणुका व्हय? उदं गं आई उदं!" म्हणत तिनं त्याच्या केसांना भंडारा लावला.

"रेणुका न्हाय वो! जमैकाचं हाय हे!"

"असंना का. आई एकच, ठाणी येगळी."

रविवारी न्हावी आला. भंडारा बघून त्यानं कात्री परत पिशवीत घातली. "आप्पा, देवीच्या जटंला हात लावून मला काय मरायचं हाय?"

पक्यानं डाव साधला, "मग आता गाणी लावू का?"

आप्पांनी हात जोडले. "लाव. पर आंघोळ करून लाव."