हसण्याचा फोटो मी काढला होता

माहा जन्म वडशाजवळच्या एका गावातला. आम्ही ढिवर, बाप गावतलावात जाळं टाकत होता आन् मी काठावर बसून मासोळ्या निवडत होतो. वडशाले एक कवळ्या बनवणारा होता, त्याच्यापाशी प्लास्टर कालवाले राह्यलो, मग चंद्रपूरच्या एका दाताच्या दवाखान्यात लागलो आन् तिथंच म्हातारा झालो. मले सगळे वामनभाऊ म्हणते. पण मी माह्यी गोष्ट सांगाले नाई बसलो, मी कुंदाची सांगून राह्यलो, हे आधी लिहा.

कुंदा आरमोरीकडची, धानाच्या शेतीवाल्या घरची पोट्टी, बारावी करून आमच्या दवाखान्यात आली. तेव्हा पूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांचं काम नवीन सुरू झालं होतं, हाडात स्क्रू बसवाचे आन् त्याच्यावर दाताची अख्खी ओळ. ते दात इथी नाई बनत. डिझाईनवाला दूर शहरात कॉम्प्युटरपुढं बसते, त्यानं पेशंट कधी पाह्यलाच नसते. आपण जे पाठवू, जबड्याचं स्कॅन, तोंड मिटल्यावरचं माप, चेहऱ्याचे फोटो, तेवढाच त्याच्यासाठी पेशंट. हे सगळं गोळा करून पाठवाचं, त्याले आम्ही रेकॉर्ड म्हणतो. मले वाटे, फोटोच तर काढाचे आहे, त्यात काय एवढं.

पण ते कुंदानं करावं. काय सांगू तुमाले, ती पेशंटले कधी हसा म्हणे नाई. कॅमेरा स्टँडवर लावून ठेवे आन् गप्पा करत बसे. कोणाची सून कुठची, कोणाच्या म्हशीनं काय खाल्लं. मधातच म्हणे, बाई, वावर म्हणा, वावरात वांगे म्हणा, फणस म्हणा. वरचा दात खालच्या ओठाले कुठी टेकते ते तिले त्याच्यात दिसे. स म्हणताना वरखालचे दात किती जवळ येते ते पाहाले साठापासून सत्तरपर्यंत मोजाले लावे. म्हणे, भाऊ, आपल्याले दाताचा नाई, माणसाचा रेकॉर्ड पाठवाचा आहे. तिची फाईल गेली का डिझाईनवाल्याचा उलटा फोन येतच नोहता. माह्या फाईलवर तीन-तीन फोन.

मग सिंदेवाहीकडची पार्बताबाई आली. तंबाखूची गुडाखू घासू घासू दात गेले होते बिचारीचे, पोरगा ऊर्जानगरले नोकरीत, त्यानं आणली. आता आपल्याकडची बाई, माणसांपुढं हसाची वेळ आली का पदर तोंडात जाते, ओठ दाबून धरते. कुंदानं पाह्यलं आन् म्हणाली, पोराले बाहेर बसवा, आन् भाऊ, तुम्ही बी जराशीक बाहेर बसा. मले झोंबलं. मी म्हटलं, तू पाळण्यात होती तवापासून मी दात करून राह्यलो, मले बाहेर काढते का? मीच कॅमेरा घेतला. म्हटलं, बाई, पदर खाली घ्या, हसा. ती कशीबशी हसली, मी बटन दाबलं. कुंदानं फोटो पाह्यला आन् हळूच म्हणाली, हे हसू नाई भाऊ, ही लाज आहे. मी म्हटलं, दात दिसाचे ते डिझाईनवाला दाखवन, तू तुह्यं काम कर. आन् फॉर्मवर फोटो घेणाऱ्याच्या जागी नेहमीसारखं तिचंच नाव टाकून मी फाईल पाठवून देली.

झालं काय, का ओठ दाबलेला, म्हणून दात दिसावे यासाठी डिझाईनवाल्यानं दात लांब केले. पक्क्याच्या आधी पाहाले कच्चे दात बसवले आन् पार्बताबाईले वावर म्हणता येईना, दात ओठात अडकून राह्यला. बाईनं आरशात पाहून पदर तोंडावर घेतला तो काढेच ना. डॉक्टर साहेब सगळ्यांपुढं भडकले, हे फोटो कोणं घेतले? फॉर्म पाह्यला. हे कुंदाचं काम आहे का? मी प्लास्टरची वाटी घासत होतो, घासतच राह्यलो. कुंदानं एकदा माह्याकडं पाह्यलं. त्याच दिवशी तिच्याजवळचा कॅमेरा काढून घेतला आन् तिले नंबर पुकाराच्या टेबलावर बसवलं.

थांबा, अजून आहे. सुट्टीच्या दिवशी ही पोट्टी आपल्या मनानं एसटीनं पार्बताबाईच्या गावाले गेली. बाया धानात निंदण करून राह्यल्या होत्या, ही बी पदर खोचून धानाच्या बांधीत उतरली आन् व्हिडिओ काढाले मोबाईल एकीच्या हातात देला. बायांनी पार्बताबाईले छेडलं, काऊन वं, या वयात नवे दात कोणासाठी? तर ती म्हणे, बुढ्याले चावाले! आन् अशी हसली, का पदराची याद नाई राह्यली. परत आल्यावर तिनं तो व्हिडिओ मले दाखवला. वरचा ओठ कुठपर्यंत जाते, सगळं त्याच्यात. तोच मी फाईलीत पाठवला, दात आखूड होऊन आले, आन् असे बसले का डॉक्टर साहेबानं माह्या पाठीवर हात ठेवला, वाह वामनभाऊ, तुम्ही होते म्हणून. कारण फाईल पाठवणारा मी. ती शाबासकी मी घेऊन घेतली. चार महिन्यानं कुंदा काम सोडून गेली.

आता ती गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे, चार पोरींले रेकॉर्ड शिकवते. मी काम सोडलं, पण दुपारी पडलो का तिचं ते पाहणं समोर येते. मागच्या महिन्यात हिंमत करून तिले फोन लावला, सगळं कबूल केलं. ती आयकून म्हणाली, भाऊ, फोनवर नको. माह्यं नाव गेलं ते सगळ्यांपुढं गेलं. तुम्ही बी सगळ्यांपुढं सांगा.

मग डॉक्टर साहेबाले विनंती केली, दवाखान्यात सगळे जमवले, ती गडचिरोलीहून आली. मी उभा राह्यलो आन् पुरं सांगतलं, फोटो माहा, नाव तिचं, व्हिडिओ तिचा, शाबासकी माह्यी. डॉक्टर साहेब उठले आन् म्हणाले, कुंदाबाई, मीबी चुकलो, फॉर्म पाह्यला, तुम्हाले विचारलं नाई. ती म्हणाली, बरं. मग घड्याळ पाह्यलं, दोन वाजता पेशंट आहे म्हणाली आन् निघाली. माफ केलं का, ते मी विचारलं नाई, ती बी बोलली नाई. नसन केलं, तरी तिचं बरोबर आहे. माह्या पन्नास वर्षांच्या कामात असा हात आन् असा डोळा मी दुसरा नाई पाह्यला. बाई खूप जगो, तिच्यापुढं बसणारा हर माणूस मोकळा हसो.