दुसऱ्या पिंजऱ्याचं खाद्य

वहिनी, प्राचार्य साहेब आणि बेलापूरहून आलेली औटी सरांची सगळी माणसं. मी कारभारी, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. अशा शोकसभेत बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आजही आली नसती तर बरं झालं असतं. पण बोलल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही.

सर अंगानं जाड होते. आज सगळे हे बोलायचं टाळतायत. ते होते तेव्हा कुणी टाळलं नाही. एसटीत कंडक्टर म्हणायचा, "सर, दोन तिकिटं फाडू का?" बाजारात म्हणायचे, "दुष्काळ सरांच्या घराकडं फिरकलाच न्हाई वाटतं." सर हसायचे. मीही हसलोय, वहिनी.

पण दुपारचा डबा मी त्यांच्याबरोबर खायचो. दोन भाकरी आणि पिठलं. इतकी वर्षं दोनच. एकदा म्हणाले, "कारभारी, तू तीन खातोस आणि काडीसारखा आहेस. मग माझं अंग येतं कुठून?" मग स्वतःच म्हणाले, "माणसांना विचारून उपयोग नाही. उंदरांना विचारू."

म्हणून त्यांनी मुंबईहून जन्मतःच जाड होणाऱ्या जातीचे उंदीर आणले. पिंजरे दोन. पहिल्यात साधे उंदीर, दुसऱ्यात जाड. साधे खातील तेवढं खाणार. त्यांनी दिवसभरात जेवढं खाल्लं, तेवढंच वजन करून दुसऱ्या दिवशी जाड उंदरांना द्यायचं. ना कमी, ना जास्त. तेवढंच खाऊनही ते जाड होत गेले, तर दोष खाण्याचा नाही, शरीराच्या घडणीचा. सरांना एवढंच दाखवायचं होतं. रोज सकाळी ते एकेक उंदीर तराजूवर ठेवायचे, वहीत वजन लिहायचे. खाद्य द्यायचं काम माझं.

जाड उंदीर ते खाद्य लगेच संपवायचे. मग दिवसभर गजांतून तोंडं बाहेर. मी जाईन तिकडे ती तोंडं वळायची. घरी आईला सांगितलं. ती दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. म्हणाली, "आरं, मुक्या जिवाला कुनी मोजून जेवू घालतं व्हय? आमाला खायाला सुकडी मोजून देत्यात, त्येवढं बास हाय."

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातला भाकरीचा तुकडा मी दुसऱ्या पिंजऱ्यात टाकला. नखाएवढा. मग रोज टाकला. मग दोन टाकले. तीन महिने. सरांनी पिंजऱ्याला कधी कुलूप लावलं नाही. माझ्यावर भरवसा होता.

गेल्या सोमवारी त्यांनी मला हाक मारली. वही पुढे केली. "बघ, कारभारी! तेवढंच खाऊन वाढलेत! आता त्या कंडक्टरला ही वहीच दाखवतो." इतके खुश झालेले सर मी पाहिले नव्हते. तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. मी काय म्हणालो? "सर, चहा आणू का?"

गुरुवारी ते जिन्यात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिरडी उचलताना मागून कुणीतरी म्हणालं, "खाऊन खाऊन गेला." मी ऐकलं. खांदा तसाच ठेवला.

आत्ता प्राचार्य साहेब म्हणाले, सरांची वही छापण्यासाठी पुण्याला पाठवणार. साहेब, हात जोडतो. पाठवू नका. त्यातली वजनं खरी आहेत. खाद्य खरं नाही. तिथे जाणकार माणसं बसलेली असतात. हे उद्या कळलं तर लबाड ठरतील ते सर. मी नाही.

सरांचं म्हणणं खरंही असेल. मला तर वाटतं खरंच होतं. पण ते उंदीर माझ्या तुकड्यानं किती वाढले आणि तुकड्याशिवाय किती वाढले असते, हे आता कोण सांगणार? पुन्हा करावं तर मुंबईहून आणलेल्या, पिलं देणाऱ्या जोड्या उन्हाळ्यात मेल्या. पाच उंदीर उरलेत, तेही आता पूर्ण वाढलेले. माफी मागावी तर सर नाहीत. मी कुणापुढे उभा राहू, वहिनी?

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. तेवढा वेळ त्यांच्या डब्यातल्या त्या दोन भाकरी सगळ्यांनी डोळ्यांपुढे आणा. दोनच होत्या. मी रोज पाहिल्यात.

सर, तेवढं एकच मी खरं मोजलं.