कुंपणालगतचा राब

माझं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. खाली भाताची खाचरं आणि वर उताराची माळजमीन, तिला आम्ही वरकस म्हणतो. आजोबांच्या पश्चात हे सगळं दोन मुलांत वाटलं गेलं, थोरले नाना आणि धाकटे माझे बाबा. खाचरांना बांध आहेत, तिथली वाटणी डोळ्यांना दिसते. वरकसावर काहीच दिसत नाही, तिथलं गवत दिवाळीनंतर दोन्ही घरं मिळून कापायची आणि मिळूनच खाली वाहायची. मी शहापूरच्या कॉलेजात एसटीने जाऊन-येऊन पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाले, आणि आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे हेच विचारतात की तू नक्की कोणाच्या बाजूची, तर मी त्या उताराची आहे आणि मला एक दिवस सोलर प्लांटच्या इनचार्जच्या खुर्चीत बसायचं आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला गेल्या वैशाखापर्यंत वाटलं नव्हतं.

झालं असं की नानांनी आपल्या हिश्शाचं वरकस सौरऊर्जेच्या एका कंपनीला भाड्याने दिलं. बोलणी झाली ती पाऊस सरताना. नानांनी सगळं विचारलं, रस्ता कुठून जाणार, पाण्याची वाट बंद होणार का, पॅनेलांची सावली भातावर पडणार का, जमीन परत मिळेल तेव्हा खांब कोण उपटणार. माणूस हुशार आहे, काय सांगू तुम्हाला, वकिलानेही इतकं विचारलं नसतं. फक्त राबाचं कोणी बोललं नाही. नाना बोलले नाहीत, बाबा बोलले नाहीत, मीही कागद वाचून दाखवला आणि त्यात कुंपणापासून अमुक अंतरात आग पेटवू नये असं कलम होतं ते मोठ्याने वाचून पुढे गेले. आग म्हटल्यावर आमच्यापैकी कोणाच्याच डोळ्यांसमोर राब आला नाही, कारण राबाला आमच्यात कोणी आग म्हणतच नाही.

राब म्हणजे काय ते सांगते. भाताची रोपं, म्हणजे आवण, ज्या तुकड्यात वाढवायचं त्या जमिनीवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि सावकाश भाजायचं. तण जळतं, राख मिसळते, मग पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरायचं. दोन्ही घरांचा राबाचा तुकडा एकच, उताराच्या पायाशी, अर्धा नानांचा, अर्धा आमचा. दिवाळीत कोणी पाहिला तर तोही साध्या खाचरासारखाच दिसतो. कंपनीने कुंपण घातलं ते त्याच्या अगदी कडेने.

मला त्या प्लांटवर तंत्रज्ञाची नोकरी मिळाली. नानांनी शब्द टाकला होता हे खरं, पण परीक्षा मी दिली होती हेही खरं. चैत्रात बाबा फांद्या तोडायला लागले तेव्हा साइटचे साहेब, ते नाशिककडचे, मला म्हणाले की हे थांबवायला हवं, आणि तुमचंच घर आहे तर तुम्हीच सांगा. नानांना वेगळी भीती, करार त्यांच्या नावावर, जाब त्यांना द्यायचा. त्यांनी यंदा भाजणार नाही असं जाहीर केलं आणि मी सांगितल्याप्रमाणे कंपोस्ट घालून गादीवाफे करायचं ठरवलं. मी बाबांनाही तेच सांगितलं, की भाजल्याने नायट्रोजन उडून जातो, इतक्या फांद्या दरवर्षी कुठून आणणार. बाबा म्हणाले, तुझ्या कालेजात भात कसा आला गो यंदा? आई हसली. मग बाबा हसायचे थांबले आणि म्हणाले, नानाने माळ इकला नाय, भाड्यानं दिला, मग माझा राब त्यात कसा गेला? त्यानंतर दोघं भाऊ बोलेनासे झाले, नाना वाटेत दिसले की बाबा बांध बदलायचे.

त्यात दुसरी एक गोष्ट वाढत होती. कुंपणाच्या आत त्याआधीच्या दिवाळीनंतर गवत कापलंच गेलं नव्हतं. आम्हाला आत जायची मुभा नव्हती आणि कंपनीच्या कंत्राटदाराने फक्त वाटा साफ केल्या होत्या. पॅनेलांखाली गवत उभ्याउभ्या वाळून पिवळं पडलं होतं. मी साहेबांना सांगितलं, ते म्हणाले बघू.

वैशाखातल्या एका दिवशी बाबांनी राब पेटवला तो भर दुपारी. एरवी ते वारा पडलेला बघून पेटवतात, पण कोणी आडवं यायच्या आत उरकायचं म्हणून त्यांनी घाई केली, आणि मातीचा थरही निम्म्यावरच घातला होता. मी इन्व्हर्टरच्या खोलीत होते. धुराचा वास आला, बाहेर आले, तर जळता पाला वाऱ्यावर चढून जाळीपलीकडे पडत होता आणि खालच्या रांगेतलं गवत धरलं होतं. मी त्या रांगेचा स्विच पाडला, फाटकाची किल्ली माझ्याच गळ्यात होती, ते उघडलं आणि बाबांना हाक मारली. बाबा धावत आत आले. मागून नाना, खांद्यावर पाण्याने भरलेला हंडा घेऊन.

आता हे समजून घ्या, की स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. ती बंद करता येत नाही. केबल जळाली असेल आणि तिच्यावर पाणी पडलं तर ओतणाऱ्याला झटका बसू शकतो. नानांनी हंडा उचलला होता. मी लहानपणापासून त्यांच्यासमोर खाली बघून बोलणारी, पण तेव्हा मी ओरडले.

नाना, हंडा खाली ठेवा. पाणी नाय टाकायचं.

ते माझ्याकडे बघत राहिले. गवत तडतडत होतं. मी पुन्हा म्हणाले, ठेवा, मरायचंय का तुमाला. मी असं बोलले, घरातल्या थोरल्या माणसाला. त्यांनी हंडा ठेवला. तोवर बाबांनी कुंपणाबाहेरच्या करंजाच्या हिरव्या डहाळ्या मोडून आणल्या, एक नानांच्या हातात दिली आणि दोघं शेजारी उभे राहून गवत झोडपायला लागले. मी पॅनेलांपासून लांब राहा एवढंच सांगत पुढचं गवत बाबांच्या कोयत्याने तोडत होते. आग विझली तेव्हा दोघांच्या भुवया करपल्या होत्या. नाना म्हणाले, तुझी पोरगी मला मरायचंय का इचारते. बाबा म्हणाले, मंग, काय उत्तर दिलंस? किती दिवसांनी ते एकमेकांशी बोलत होते.

दोन पॅनेलं तडकली होती, एक केबल वितळली होती. साहेबांनी विचारलं, आग कोणाची. मी सांगितलं, माझ्या वडिलांची. मग सांगितलं की गवत आपलं, आणि ते कापा असं मी आधी म्हटलं होतं. आग लागायला एक कारण पुरेसं नव्हतं, दोन्ही लागली. नानांना नोटीस आली आणि मला, तूर्त कामावर येऊ नका, असा निरोप. पूर्ण पावसाळा मी घरी होते. बाबांचा राब अर्धाच भाजला गेला, त्या बाजूचं आवण विरळ आलं. नानांचं माझ्या पद्धतीचं बरं आलं, पण तण इतकं की काकू रोज निंदायच्या आणि माझ्या नावाने काहीतरी पुटपुटायच्या. एका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं मी म्हणाले. काकू म्हणाल्या, तू काढू नको, तण काढ.

भात कापणीला आलं तेव्हा कंपनीने मला परत बोलावलं. का, ते मला कोणी सांगितलं नाही. मी मात्र आधी एकच अट घातली, की दिवाळीनंतर पॅनेलांखालचं गवत आमची दोन घरं कापतील आणि राबाला नेतील. साहेबांनी मान्य केलं, कारण त्यांचाच कंत्राटदाराचा खर्च वाचत होता. नाना आणि बाबा आत जाऊन गवत कापताना मी सोबत उभी असायचे. जाळीच्या दोन्ही बाजूंनी आता पट्टा उघडा केलाय, काडी ठेवली नाही.

उद्या राब आहे. पहाटे, वारा उठायच्या आत, पॅनेलांवर ऊन यायच्या आत, मातीचा पूर्ण थर घालून. साहेब तोंडी हो म्हणालेत. करारातलं कलम मात्र तसंच आहे, त्यातला एक शब्द बदललेला नाही. उद्या एक ठिणगी जरी आत गेली तर नोटीस नानांना येईल आणि माझी नोकरी जाईल, साहेब तेव्हा हो म्हटल्याचं आठवतील की नाही कोण जाणे. हे बाबांना माहीत आहे. मघाशी जेवताना त्यांनी विचारलं, उद्या तू कुठं उभी र्‍हाशील गो, राबाजवळ की तिकडं?

मी म्हणाले, आत. किल्ली माझ्याकडे आहे.

मला वाटलं त्यांना लागेल. त्यांनी भातावर आमटी ओतून घेतली, कालवली, आणि म्हणाले, बरं झालं. आत आपलं घरचं मानूस हवंच.